हान आरशांवरील द्यूतपट

चीनमधील हान राजवटीच्या (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) काळांतील कांशाच्या आरशांचा एक वर्ग पाश्चात्य ग्रंथांत 'टी-एल-व्ही आरसे' या नांवानें ओळखला जातो. आरशाचें मुख घोटून चकचकीत केलेलें असतें व नक्षी पाठीवर असते. मध्यें दोरा ओंवण्याची घुंडी, तिच्याभोंवतीं चौकोन, आणि चौकोनापासून कडेपर्यंत त्या तीन रोमन अक्षरांसारख्या खुणा. एवढ्यावरूनच हें नांव पडलें. खुणांच्या दरम्यान पूर्वेचा ड्रॅगन, पश्चिमेचा श्वेत व्याघ्र, दक्षिणेचा रक्तवर्ण पक्षी व उत्तरेचें सर्पवेष्टित कासव हे जणूं दिक्पाल उभे असतात. खुणांचा अर्थ लावतांना कोणीं सूर्यघटिका पाहिली, तर कोणीं विश्वाचा नकाशा.

आमच्या मतें येथें पहिली साक्ष आरशावरील लेखाचीच घेतली पाहिजे. इ. स. ९ ते २३ या वांग मांगच्या कारकीर्दींतील एका आरशाचा ठसा झोउ झेंग यांनीं १९८७ सालीं प्रसिद्ध केला. तान्यांगचें उत्तम तांबें, ड्रॅगन व व्याघ्र, पुत्रपौत्रांची समृद्धि इत्यादि नेहमींच्या मजकुरांत, अशुभ टाळण्यासाठीं द्यूतपट कोरला आहे, असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. हा पट म्हणजे लिउबो नामक द्यूताचा. मावांगदुई येथील इ. स. पू. १६८ च्या थडग्यांत १९७३ सालीं या खेळाचा पट सांपडला. त्यावरही ह्याच खुणा आहेत.

मग विश्वाचा नकाशा म्हणणारे सर्वस्वी चुकले काय? तसें नाहीं. १९९३ सालीं च्यांगसू प्रांतांत यिन्वान येथील एका थडग्यांत लांकडी फळी मिळाली. तीवर हाच पट असून साठ दिवसांच्या चक्राचीं नांवें त्याच्या रेषांवर मांडलीं आहेत. खालीं विवाह, प्रवास, आजार यांविषयींचे शकुन आहेत. म्हणजे दिशा व काल यांची मांडणी आरशांत खरोखरच आहे. पण ती पटाच्या द्वारें आली आहे.

तथापि लेखांतील प्रत्येक शब्द सारख्याच तोलाचा नव्हे. पुष्कळ आरशांवर शांगफांग या राजकीय कारखान्याचें नांव आढळतें. परंतु त्यांतील कित्येक खासगी कारागिरांनीं केले, असें तज्ज्ञ मानतात. जुन्या सनदा हाताळणारांस हा प्रकार नवा नाहीं. ज्या शब्दानें मालाची किंमत वाढते, तो शब्द स्वतंत्र पुराव्याशिवाय ग्राह्य धरूं नये. नक्षीचें नांव सहज सांगून जाणाऱ्या शब्दांत तसा स्वार्थ नाहीं. शिवाय थडग्यांतील पटानें त्यास दुजोरा दिला आहे. म्हणून नक्षीच्या अर्थाविषयीं हा लेख आम्ही प्रमाण मानतों. कारखान्याचें नांव मात्र दुसरा पुरावा मिळेपर्यंत साशंकच ठेवितों.