सुहाइली : एका न विकलेल्या नौकेची हकीकत



जुनी शिडाची नौका विकत घेणे आणि घोडा विकत घेणे यांत फारसे अंतर नाही. घोड्याचे दात तरी पाहता येतात. नौकेचा जो भाग जीव तारतो तो पाण्याखाली असतो, आणि विकणाऱ्याने वरून ताजा रंग दिलेला असतो. म्हणून जाणता गिऱ्हाईक नौका आधी किनाऱ्यावर ओढून घ्यावयास लावतो, कण्याशेजारच्या फळीत चाकूचे टोक रुतवून पाहतो, सांध्यांतला कापूस उकरतो, शिडांच्या शिवणी ताणतो, आणि मगच किमतीची भाषा बोलतो. इतके करूनही एक गोष्ट त्याच्या हाती लागत नाही. वादळात ती नौका कोणत्या खोडी करते हे ठाऊक असते ते जुन्या मालकास, आणि ते ज्ञान खरेदीखतात लिहून देता येत नाही. १९६७ साली हाच हिशेब एका तरुण दर्यावर्द्यापुढे विकणाऱ्याच्या बाजूने उभा राहिला. त्याची नौका मुंबईत बांधलेली होती.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटींवरील अधिकारी. आपल्या सहकाऱ्यांसह स्वतःची नौका बांधावी या हेतूने त्याने इंग्लंडहून नकाशे मागविले. मौज अशी की, मागविले एक आणि आले भलतेच. हाती पडला तो विल्यम ॲटकिन या अमेरिकन रचनाकाराचा ‘एरिक’ नावाचा, चाळीस वर्षांपूर्वीचा आराखडा. त्याचे मूळ नॉर्वेच्या किनाऱ्यावर बुडत्यांना वाचविणाऱ्या, कॉलिन आर्चरने आखलेल्या नौकांत होते. लांबी ३२ फूट, रुंदी सुमारे ११ फूट, डोलकाठ्या दोन, आणि नाळेप्रमाणे मागची बाजूही निमुळती. दिसावयास ठेंगणी, चालीने मंद, पण तोलाची पक्की. कुलाब्याच्या कारखान्यात आपल्या सुतारांनी ती सागवानात उभी केली. वाकसाने तासून आणि सामत्याने भोके पाडून, म्हणजे त्यांच्या आज्या-पणज्यांनी ज्या हत्यारांनी गलबते बांधली त्याच हत्यारांनी! पाण्यात लोटताना तिच्या नाळेवर फुटला तो नारळ.

नाव ठेवले ‘सुहाइली’. इराणच्या आखातातील अरब खलाशी तेथील आग्नेयीच्या वाऱ्यास या नावाने ओळखतात, आणि ते नाव ज्या सुहैल ताऱ्यावरून आले तो म्हणजे आपला अगस्त्य. समुद्र प्राशन करणाऱ्या ऋषीचे नाव असे आडवाटेने एका मुंबईकर नौकेस लाभले.

१९६५ च्या डिसेंबरात नॉक्स-जॉन्स्टन भाऊ व एक मित्र यांच्यासह मुंबईहून निघाला. वाटेत पैसा संपला, तेव्हा दक्षिण आफ्रिकेत थांबून नोकरी करावी लागली. लंडन गाठावयास १९६७ साल उजाडले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात सर फ्रान्सिस चिचेस्टर केवळ सिडनीस एकदा थांबून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. आता उरले होते ते कोठेही न थांबता जाणे. नॉक्स-जॉन्स्टनच्या मनाने ते घेतले. परंतु सुहाइलीवर त्याचा भरवसा नव्हता. ती विकून आलेल्या पैशात भर घालावी आणि ५३ फुटांची पोलादी नौका बांधावी, असा त्याचा बेत होता. कॉलिन म्युडी या रचनाकाराने आराखडा केला. पैसा मात्र उभा राहीना. मोठी नौका कागदावरच राहिली आणि लहान नौका मालकाकडेच राहिली.

ज्या नौकेची प्रत्येक फळी बसताना मालकाने पाहिली होती ती त्याच्या हातून जात होती, आणि दारिद्र्याने ती राखली. याला दैव म्हणावे की काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

डागडुजी करून १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडातील फाल्मथ बंदरातून निघाला. थोड्याच आठवड्यांत कण्यालगतच्या फळ्यांतून पाणी आत येऊ लागले. तेव्हा तो पाण्याखाली बुड्या मारू लागला. कापसाची पट्टी कॅनव्हासवर शिवून, तीस डांबर चोपडून, तांब्याच्या चुकांनी त्याने ती फटीवर ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसविला. मध्येच शार्क मासा घिरट्या घालू लागला, त्यास बंदुकीने मारावे लागले. पुढे केप ऑफ गुड होपपलीकडे एका लाटेने नौका आडवी केली, केबिनचे छत जागचे हलले, पिण्याचे पाणी नासले. ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारे यंत्र मोडले. तरी १७ जानेवारी १९६९ रोजी त्याने केप हॉर्न ओलांडले आणि २२ एप्रिल रोजी तो फाल्मथलाच परत आला. ३१२ दिवस, सरासरी वेग ताशी चार सागरी मैल! शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी ती पुरी करणारा तो एकटाच. पाच हजार पौंडांचे बक्षीस त्याने त्या शर्यतीत प्राण गमावलेल्या डोनाल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबास देऊन टाकले.

ओकच्या लाकडातील आम्लाने लोखंडी खिळा लवकर खातो. सागातील तेल त्यास सांभाळते. मुंबईच्या गोदीत १८१७ साली पाण्यात उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका १८९७ साली मोडीत विकली गेली होती. तिला एका हौशी गृहस्थाने वाचविले, आणि आज ती इंग्लंडात हार्टलपूल येथे तरंगते आहे. नॉक्स-जॉन्स्टनच्या मनात सुहाइलीची किंमत ठरत होती तेव्हा हे सागाचे बळ त्या हिशेबात धरले गेले नसावे, असे मला वाटते.

१९९७ साली सुहाइली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. तेथे वेगळेच संकट आले: छपराखालच्या कोरड्या हवेत फळ्या आकसू लागल्या. मोरगावकडील श्रोत्यांना याचे नवल वाटावयाचे नाही. कऱ्हेचे पात्र आटलेल्या चैत्र-वैशाखात गाडीची चाके सुकतात, धाव सैल होते, आणि जाणता शेतकरी चाक भिजत घालतो. लाकूड मेले तरी त्याची तहान जात नाही. २००२ साली नौका तेथून बाहेर काढली गेली. पुढे मालकाने स्वतः खपून तिचा जीर्णोद्धार केला, आणि २०१८ साली, त्या प्रस्थानाच्या पन्नासाव्या वर्षी, ती पुन्हा फाल्मथच्या पाण्यावर दिसली.

मधल्या काळात हा व्यवहार उलट दिशेनेही घडला. आपल्या सैन्याच्या इंजिनियर दलाने ३७ फुटांची, फिनलंडात बांधलेली वापरलेली नौका इंग्लंडात खरेदी केली, तिचे नाव ‘तृष्णा’ ठेवले, आणि १९८५ च्या सप्टेंबरात ले. कर्नल टी. पी. एस. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली ती मुंबईहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. १९८७ च्या जानेवारीत ती मुंबईस परतली. भारतीयांची शिडाच्या नौकेतील ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा.

२०१८ च्या शर्यतीसाठी गोव्यात सुहाइलीचीच प्रतिकृती बांधली गेली, तिचे नाव ‘तुरिया’. हिंदी महासागरात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि तिचा नाखवा, आपल्या नौदलाचे अभिलाष टॉमी, पाठीस जबर दुखापत होऊन वाचला. चार वर्षांनी तो पुन्हा त्याच शर्यतीत उतरला आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसरा आला. या खेपेस त्याची नौका नवी नव्हती. मागील शर्यतीत दुसऱ्याच एका स्पर्धकाने चालविलेली ती जुनी नौका त्याने विकत घेऊन नव्याने सजविली होती.