तेल आत, चिखल बाहेर : जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या सीलचा इतिहास

१/ बुलढाणा जिल्ह्यात, लोणारच्या विवरापासून जवळच, मेहकर–सिंदखेडराजा मार्गावर सुलतानपूर हे गाव आहे. भोवतालची जमीन काळी. उन्हाळ्यात तिची पिठासारखी धूळ होते, पावसाळ्यात चाकाला लपेटणारा चिखल. अशा जमिनीवर चालणाऱ्या प्रत्येक चाकापुढे एक जुनाच प्रश्न असतो : वंगण आत कसे राखायचे आणि माती बाहेर कशी रोखायची?

२/ बैलगाडीने या प्रश्नाशी तडजोड केली होती. आख आणि तुंबा यांच्यामधले वंगण बाहेर पडणार, माती आत शिरणार, हे गृहीतच असे. चाक करकरू लागले की गाडीवान ते काढी, जुना मळ पुसून नवे वंगण चोपडी आणि पुढे निघे. बैलाच्या चालीला एवढे पुरत असे.

३/ मोटारीला ते पुरणे शक्य नव्हते. तिच्या अ‍ॅक्सलमधले गिअर तेलात बुडालेले असतात आणि त्या तेलातूनच फिरता दांडा बाहेर येतो. फिरत्या दांड्याला वेढून तेल अडवणारे कडे म्हणजे ऑइल सील. आरंभीची सीले नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, किंवा चामड्याची असत. चामडे तेलात मऊ राहते आणि कोरडे पडले की तडकते, हे मोट हाकणाऱ्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागले नसते.

४/ जर्मनीतील फ्रॉयडेनबर्ग ही मुळात चामडे कमावणारी कंपनी. १९३० च्या दशकाच्या आरंभी वॉल्टर झिमर यांच्या कामातून तिथे धातूच्या कवचात बसवलेले, दांड्याला ओठासारखे टेकणारे सील तयार झाले. १९३६ मध्ये चामड्याच्या जागी तेलाला दाद न देणारे कृत्रिम रबर आले. आजही जगभरातील सीलांची मूळ रचना हीच आहे.

५/ त्याच सुमारास अमेरिकी सैन्याला चारही चाकांना ताकद देणारी हलकी गाडी हवी होती. कार्ल प्रोब्स्ट यांनी आराखडा केलेली बॅन्टम कंपनीची पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरिलँडमधील कॅम्प होलाबर्ड येथे पोहोचली. पुढे विलीज आणि फोर्ड यांनी मिळून युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या.

६/ खरी अडचण पुढच्या अ‍ॅक्सलची होती. मागच्या चाकाने फक्त फिरायचे असते; पुढच्याने फिरायचे आणि वळायचेही. म्हणून दांड्यात चाकाजवळ एक सांधा आला. त्याला ग्रीस हवे आणि मातीपासून संरक्षणही. यासाठी सांध्याभोवती लोखंडी गोळा आणि त्यावर सरकणारे कवच अशी रचना झाली. आपला खांदा खोबणीत फिरतो, काहीशी तशीच.

७/ इथे दोन वेगवेगळी सीले आली. एक गोळ्याच्या आत, दांड्याभोवती : डिफरन्शिअलचे पातळ तेल सांध्यात येऊ न देणारे. दुसरे बाहेर, कवचाच्या कडेला : गोळ्यावरची माती पुसून काढणारे आणि आतले ग्रीस राखणारे. बाहेरचे दोन अर्धवर्तुळांत विभागलेले असे, म्हणून ते चटकन बदलता येई. आतल्यासाठी मात्र चाकाचा सारा संसार उतरवावा लागे.

८/ सैन्याला याची जाणीव होती. २२ फेब्रुवारी १९४४ च्या टीएम ९-८०३ या जीपच्या पुस्तिकेत देखभालीचे तपशील आहेत. चित्रकार विल आयस्नर यांनी ‘आर्मी मोटर्स’ या सैनिकी नियतकालिकात ‘जो डोप’ नावाचा वेंधळा सैनिक रंगवला, तोही याच हेतूने : गाडी बंद पडण्याआधी ती तपासावी.

९/ युद्ध संपले आणि जीप भारतात आली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’ने १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीपची जुळणी हाती घेतली. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. गाडी पेट्यांत सुटी येत होती. तिचे दुखणे ओळखण्याची कला मात्र इथेच घडवावी लागली.

१०/ ती कला खेड्यांपर्यंत पोहोचली ती सरकारी जीपमुळे. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा बुलढाणा जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या कामाला लागल्या आणि गटविकास अधिकाऱ्याची जीप ही ग्रामीण शासनाची ओळख झाली.

११/ आता त्या लहानशा सीलचे मोल ध्यानात यावे. आतले सील झिजले की गिअर ऑइल सांध्यात उतरते, ग्रीस पातळ होते आणि गोळ्यावरून काळा ओघळ टायरवर येतो. डिफरन्शिअलमधली पातळी घटून गिअर झिजू लागतात. तेल हबमधून ब्रेकच्या लायनिंगपर्यंत पोहोचले तर घातच : ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढली जाते.

१२/ दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे. गाडी उचलून घोड्यांवर ठेवायची, चाक काढायचे; मग हब आणि बेअरिंग, ब्रेकची पाटी, स्पिंडल. त्यानंतर सांध्यासह दांडा बाहेर ओढायचा, जुने सील उचकटायचे, खाच पुसायची. नव्या सीलचा ओठ तेलाच्या बाजूला ठेवून, लाकडी ठोकळ्याने चहूकडून सारखे ठोके देत ते बसवायचे. सील तिरके बसले की गळती पुन्हा आलीच.

१३/ पण जाणता मेकॅनिक आधी कारण शोधतो. अ‍ॅक्सलवरचा बारीक श्वसनमार्ग, म्हणजे ब्रीदर, चिखलाने बुजला असेल तर तापलेल्या हवेचा दाब तेलाला सीलपलीकडे ढकलतो. दांड्यावर ओठाने चर पाडला असेल तर नवे सीलही तो भरून काढत नाही. गोळ्यावरचे गंजाचे खड्डे नमद्याला करवतीसारखे कातरतात. किंगपिनचे बेअरिंग सैल असेल तर कवच मधोमध राहतच नाही. सील बदलायला काही तास लागतात. ते का फुटले हे ओळखायला वर्षे लागतात.

१४/ बंद गोळ्याची ही रचनाही पुढे मागे पडली. अमेरिकेत १९७२ पासून सीजे जीपला उघड्या सांध्याचा पुढचा अ‍ॅक्सल आला. प्रत्येक सांध्याला स्वतःची सीलबंद बेअरिंगे असल्याने भोवतालचे ग्रीसने भरलेले कवच गेले, आणि तेल अडवणारे सील आत, डिफरन्शिअलजवळ सरकले. प्रश्न मिटला नाही. त्याची जागा बदलली.

१५/ इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ मध्ये एक मुद्दा आग्रहाने मांडला : तंत्रज्ञानाचा इतिहास केवळ शोधांचा नसतो, तो वापराचा आणि दुरुस्तीचाही असतो. जीपचा आराखडा करणाऱ्याचे नाव पुस्तकांत आहे. पावसाळ्यात रस्त्याकडेला गोणपाट अंथरून तिच्याखाली शिरणाऱ्याचे बहुधा नाही. विकासाची गाडी गावात पोहोचली, हे वाक्य त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही.

१६/ ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला आणि मेहकर–लोणारच्या या पट्ट्यातून वाहने काँक्रीटवरून वेगाने धावू लागली. महामार्ग सोडून शेताच्या वाटेला लागले की काळी माती अजून तिथेच आहे, आणि तेल आत व चिखल बाहेर राखण्याचे काम आजही बोटभर रुंदीच्या एका कड्यावरच सोपवलेले आहे.