विचारायचं कोणाला?

आजचा विषय जरा अवघड आहे. आमच्या शेंदूरजनाघाटात संत्र्याच्या कलमांवर माणसं पानठेल्यावर उभी राहून तासभर बोलतील. पण पोटाचं जुनं दुखणं आणि नवराबायकोचं नातं या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की सगळ्यांना एकदम कामं आठवतात! म्हणूनच म्हटलं, लिहावं.

आतड्याला वर्षानुवर्षं सूज धरणारे दोन आजार आहेत. एक अल्सरेटिव्ह कोलायटिस. हे नाव १८५९ साली लंडनच्या डॉ. सॅम्युएल विल्क्स यांच्या लिखाणात आलं. दुसरा क्रोनचा आजार. त्यावरचा गाजलेला निबंध १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी लिहिला. दोन्ही बहुधा ऐन तारुण्यात गाठतात, म्हणजे लग्नाच्या वयात. वारंवार संडास, रक्त पडणं, कळा, थकवा. काहींचं मोठं आतडं काढून पोटावर वाट करतात आणि तिथे पिशवी लावतात. अशा शरीराची माणसाला लाज वाटू लागते, इच्छा मरते. ओटीपोटाच्या शस्त्रक्रियेत नसांना धक्का पोचला तर पुरुषाच्या संबंधक्षमतेवरही परिणाम होतो. हे सगळं त्याने विचारायचं कोणाला?

आपल्या मराठीत हे विचारायला जागा करून दिली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांनी. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२७ च्या जुलैत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं आणि वाचकांच्या खाजगी प्रश्नांना छापून उत्तरं दिली. १९३४ साली या उत्तरांवरूनच अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू लढवली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक विचारतात तर ज्ञान द्यायला नको का, असा त्यांचा मुद्दा होता. खटला हरले, दोनशे रुपये दंड झाला. तरी कर्व्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालवलं. (अमोल पालेकरांचा २००१ चा ‘ध्यासपर्व’ पाहिला नसेल तर जरूर पाहा.)

तिकडे अमेरिकेत वाट निघाली ती रुग्णाच्या हातून. नॉर्मा गिल या ओहायोतल्या गृहिणी. कोलायटिसपायी त्यांच्या पोटावर पिशवी आली. १९५८ साली त्यांचे सर्जन डॉ. टर्नबुल यांनी त्यांनाच क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये इतर रुग्णांना सांभाळायला बोलावलं. त्यातूनच पुढे पिशवीवाल्या रुग्णांची खास शुश्रूषा हे परिचारिकांचं एक वेगळं शास्त्र झालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये अशा परिचारिकांनी पुष्कळ काम केलं आहे. पिशवी आधी रिकामी कशी करावी, ती झाकावी कशी, जवळ येताना पोटावर भार कसा येऊ देऊ नये, असल्या साध्या गोष्टी त्या सांगतात. साध्या खऱ्या, पण संसार त्यावर टिकतो.

१९७६ साली जॅक अ‍ॅनन या मानसशास्त्रज्ञाने अशा बोलण्याच्या चार पायऱ्या मांडल्या: आधी बोलण्याची परवानगी, मग थोडी माहिती, मग नेमका सल्ला, आणि गरज पडली तर तज्ज्ञाकडे पाठवणी. मला पहिली पायरीच सगळ्यात मोलाची वाटते. परवानगी!

का, ते सांगतो. ओळखीतलं एक घर. नाव-गाव सांगत नाही. मुलाला कोलायटिस, सल्फासलाझिनच्या गोळ्या कायमच्या. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. सुनेच्या तपासण्या झाल्या, नवस झाले, टोमणे तर रोजचेच. मुलाची तपासणी एकदाही नाही. शेवटी शहरातल्या एका दवाखान्यात एका सिस्टरने सहज विचारलं, “भाऊ, घरी सगळं बरं आहे ना? मूलबाळ?” आणि त्याला बोलता आलं. या गोळीने शुक्रजंतू कमी होतात आणि ती थांबवली की दोनतीन महिन्यांत बहुधा पूर्ववत होतात, हे १९७९ सालीच ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेलं! डॉक्टरांनी गोळी बदलली. पुढे मुलगी झाली. पण त्या पोरीने सहा वर्षं जे ऐकलं, ते कोण परत घेणार?

पुरुष बोलत नाही, तेव्हा बोलणी बाई खाते. हा नुसता पोटाचा आजार नाही तो असा.

तेव्हा घरात कोणाला असं दुखणं असेल तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना किंवा सिस्टरला मोकळेपणाने विचारा. नव्वद वर्षांपूर्वी उत्तर देणाऱ्याला दंड झाला होता. आज विचारणाऱ्याला तर कोणी दंड करत नाही ना!

असो. तुमचे अनुभव जरूर कळवा.