‘सोडा’ शब्दाचे अर्थांतर

‘सोडा’ हा शब्द मराठीत आज तीन वस्तूंसाठी वापरला जातो. भज्यांच्या पिठात घालतात तो खाण्याचा सोडा, कपड्यांचा मळ काढतो तो धुण्याचा सोडा, आणि बाटलीतील फेसाळ पेय तोही सोडाच. पहिले दोन क्षार असून एकमेकांचे निकटचे आप्त आहेत. तिसऱ्यात मात्र क्षार असावाच लागतो असे नाही. दाबाखाली कार्बन डायऑक्साइड वायू मुरविलेले ते पाणी होय. वस्तूत जे नाही त्याचे नाव वस्तूस का पडावे?

याचे उत्तर त्या पेयाच्या इतिहासात आहे. इंग्लंडातील लीड्स येथे जोसेफ प्रीस्टलीने १७६७ मध्ये मद्याच्या भट्टीवर साठणारा वायू पाण्यात मुरविला आणि १७७२ मध्ये ती कृती प्रसिद्ध केली. त्याच्या पाण्यात सोडा नव्हता. पुढे खनिज झऱ्यांच्या पाण्याचे अनुकरण करताना औषधी गुणासाठी त्यात सोड्याचा क्षार घालू लागले, आणि ‘सोडावॉटर’ हे नाव रूढ झाले. कालांतराने क्षार वगळला गेला, नाव उरले.

हिंदुस्थानात हे पेय आले तेव्हा लोकांनी त्याला प्रथम वेगळ्याच नावाने ओळखले. यूल व बर्नेल यांच्या १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात सोडावॉटरचे नेहमीचे नाव ‘बिलायती पानी’ असे दिले आहे. म्हणजे येथे नाव पडले ते घटकावरून नव्हे, तर मूळ स्थानावरून. हायरम कॉडने १८७२ मध्ये गोटीच्या बाटलीचे पेटंट घेतले. या बाटलीत वायूच्या दाबाने काचेची गोटी गळ्यातील रबरी कड्यावर घट्ट बसते. ही बाटली इकडे रुळल्यावर ‘गोटी सोडा’ हा शब्द आला. आता नाव पडले ते पात्रावरून. ‘शीतपेय’ हा शब्द तापमान सांगतो. बुडबुडे हा या पेयाचा प्रधान गुण खरा, पण या नावांपैकी एकही बुडबुड्यांवरून पडलेले नाही.

शब्द भाषेत किती मुरला हे व्याकरणावरून कळते. ‘सोडावॉटर’ पाण्याच्या साम्याने नपुंसकलिंगी राहिले. ‘सोडा’ मात्र आकारान्त पुल्लिंगी ठरून ‘घोडा’प्रमाणे चालू लागला: सोड्याची बाटली, सोड्यातला गॅस. सुक्या कोळंबीचे ‘सोडे’ भाषेत आधीपासून होतेच. त्यांच्याशी ध्वनिसाम्य असूनही घोटाळा होत नाही. कारण अर्थाचा निर्णय क्रियापद करते. सोडा ‘टाकला’ म्हणजे तो पिठात गेला, ‘फोडला’ म्हणजे गोटी आत ढकलली गेली.

कोशकाराने येथे सावध राहावयास हवे. ‘सोडा (इं.) : एक क्षार’ एवढ्या नोंदीने व्युत्पत्ती कळते, व्यवहार कळत नाही. ‘सोड्यातला गॅस गेला’ असे ग्राहक तक्रारीने म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात क्षार नसतो. ज्यावरून या पेयाला नाव पडले नाही, तो बुडबुडाच असतो. त्याच्या मनातला हा अर्थ क्षारवाचक मूळ शब्दात नव्हता. तो वापराने आला. म्हणून उसन्या शब्दाच्या नोंदीत त्याच्याबरोबर येणाऱ्या क्रियापदांनाही स्थान मिळणे अवश्य आहे.