वाडी कुणाची, सहल कुणाची?

रविवारची सहल हा इतिहासाचा विषय होऊ शकतो, असे मला पूर्वी वाटले नव्हते. मी तलासरी तालुक्यात शिक्षक आहे. घरात दोन लहान मुले. गेल्या हिवाळ्यात त्यांना घेऊन आम्ही उभयता घोलवडच्या बाजूला एका चिकूवाडीत गेलो. मुंबईची, गुजरातची कुटुंबे आता अशा वाड्यांत दिवसभरासाठी येतात. माणशी पैसे भरायचे, झोपाळ्यावर बसायचे, बैलगाडीतून फिरायचे, आणि ऊन उतरले की सुरूच्या बनातून बोर्डीच्या समुद्रावर जायचे.

माझी चार वर्षांची मुलगी एका झाडाखाली थांबली. फांदीला झोळी बांधलेली, झोळीत तान्हे मूल, आणि झोळी हलवणारी सहा-सात वर्षांची बहीण. त्यांची आई पलीकडे लांब बांबूच्या टोकाला लावलेल्या जाळीने चिकू उतरवत होती. माझ्या मुलीने त्या पोरीचा हात धरला आणि तिला झोपाळ्याकडे ओढू लागली. राखणदार म्हणाला, "तिला नका नेऊ, ती कामावरची आहे." राखणदारही वारलीच होता. त्याचा मला राग आला नाही. पण तो शब्द मनातून जाईना. सहा वर्षांची पोर, आणि कामावरची!

मला माझी आई आठवली. ती शहरातल्या सार्वजनिक बागेत झाडू मारायची. पहाटे तिच्याबरोबर आम्ही भावंडे आत असायचो. बाग उघडायची वेळ झाली की आई आम्हाला बाहेर काढायची. आमचे बालपण बागेत गेले, पण बागेत आम्ही कधी खेळलो नाही.

डहाणू-तलासरीच्या वाडीत वारली पिढ्यान्‌पिढ्या जात आला, तो वेठीला. जमीनदाराचे बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून जायचे. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही लग्नगडी म्हणून मालकाच्या दारी बांधले जात. मूल पाठीवर असे, कारण ते ठेवायला दुसरी जागा नव्हती. पुढे तेच मूल मालकाची गुरे राखी. तेव्हा आदिवासी कुटुंब सहकुटुंब वाडीत जात होतेच. फक्त त्याला सहल म्हणत नव्हते.

हे चक्र १९४५ साली अडले. जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला वारली गेले. २३ मे रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असे ठरवून उठले. श्यामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्याबरोबर होते. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाच जण हुतात्मे झाले. या लढ्याकडे आपण मजुरी आणि जमीन यांचा लढा म्हणून पाहतो, आणि ते खरेच आहे. पण वेठ गेली म्हणजे नेमके काय मिळाले? आज मी मालकाकडे जाणार नाही, असे म्हणता येईल असा स्वतःचा दिवस मिळाला. दिवस आपला नसेल तर मूलही आपले नसते.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. अंगणवाडी ती हीच. पुढे १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजनेबरोबर हा शब्द देशभर गेला. कोसबाडला तर गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात गेला. या कामाची थोरवी मी मानतो. परंतु कुरणात शाळा न्यावी लागली, कारण मुलाच्या हातातली काठी सुटत नव्हती, हेही विसरता येत नाही.

आता कायद्याकडे पाहू. १९२३ च्या बोले ठरावाने पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत असे म्हटले. बागेचे नाव त्यात नव्हते. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. तीही सहलच होती. हौदावर हातपाय धुतले म्हणून तिथे गहजब झाला. किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर आत सोडले, आणि बरोबर हत्यारी शिपाई दिला. राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा आल्या, त्यामागे असा अनुभव उभा आहे. आज दार उघडे आहे. पण ज्याला भरपगारी सुट्टी नाही, त्याने त्या दारातून कोणत्या वारी जायचे?

१९९१ मध्ये केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. म्हणून इथली हिरवाई पुष्कळशी टिकली आणि शहरातली माणसे मोकळी हवा घ्यायला येतात. खुशाल यावीत. झाडे वाचवली याचा आनंद आहे. पण झाडाखालच्या झोळीचा विचार कोणत्या अधिसूचनेत आहे?

वारल्यांना सहल ठाऊक नाही असे मात्र कुणी समजू नये. चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते. पाड्यापाड्यांतून कुटुंबे निघतात, लेकरे खांद्यावर असतात, पाळण्यात बसतात, पिपाण्या वाजवतात. मी शाळेतल्या मुलांना विचारतो, कुठे फिरून आलात? उत्तर ठरलेले असते: जत्रेला. वर्षातून एकदा!

कार्यकर्त्यांपुढे म्हणून दोन साध्या मागण्या ठेवतो. वाडीवरच्या मजुराला आठवड्याची भरपगारी सुट्टी, आणि प्रत्येक पाड्यात मुलांना खेळायला मोकळी जागा. वेठ मोडणाऱ्यांनी दिवस मिळवला होता. त्या दिवसातला खेळ अजून मिळवायचा आहे. परतताना मुलीने विचारले, "ती उद्या झोपाळ्यावर बसेल का?" मी शिक्षक असूनही मला उत्तर देता आले नाही.