काथाचा लेप आणि श्वासाची वाट

वसई-विरारच्या पूर्वेकडील तुंगारेश्वरच्या डोंगरांत आणि त्यापलीकडच्या जंगलपट्ट्यात, खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून व तो रस घट्ट होईपर्यंत आटवून काथ काढणे हा कातकरी समाजाचा पिढीजात व्यवसाय होता. हा काथ मुख्यतः विड्यासाठी खपत असे. तरी अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेत काथच जखम सांधण्यासाठी वापरला गेला, आणि चेहऱ्याचे रूप व श्वासाची वाट यांचा एकत्र विचार करणाऱ्या शल्यकलेचा मराठी मुलखातील ठोस पुरावा तिथे सापडतो.

इंग्रजांच्या फौजेतील बैलगाडीवान कावसजी १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका शल्यकाराने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये छापलेल्या वर्णनानुसार, आधी नाकाच्या आकाराचा मेणाचा पातळ पत्रा घडवला जाई, तो सपाट करून कपाळावर ठेवत व कडेने रेघ ओढून तेवढी कातडी सोडवत, मात्र दोन डोळ्यांमधील पट्टी जोडलेलीच ठेवत, कारण तिच्यातूनच त्या कातडीला रक्त मिळे. कातडी वळवून खाली आणली, की नाकाच्या खुंटाभोवती घेतलेल्या छेदात तिची कड बसवून वर ओल्या काथाने माखलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या जात. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालत, ते छिद्रे पुरेशी उघडी राहावीत म्हणून. नाक नुसते दिसायला नव्हे, तर श्वासालाही उपयोगी पडले पाहिजे, ही जाण या एका कृतीत स्पष्ट दिसते. कावसजीचे नाव व चित्र जगभर गेले, परंतु त्या वर्णनात शल्यकाराचे नाव नाही, ही या इतिहासातील फार मोठी हानी आहे. हीच पद्धत १८१४ मध्ये लंडनला वापरणारे शल्यकार जोसेफ कार्प्यू यांचे नाव मात्र ग्रंथांत कायम राहिले.

रूप आणि श्वास यांची अशीच सांगड हनुवटीच्या शस्त्रक्रियेतही दिसते, मात्र तिचा इतिहास पुष्कळ अलीकडचा आहे. हनुवटीचे हाड आडवे कापून पुढे सरकवण्याची पद्धत शल्यकार ओट्टो होफर यांनी १९४२ मध्ये मांडली, आणि चेहऱ्यावर व्रण राहू नये म्हणून ते काम तोंडाच्या आतून करण्याची रीत ट्राउनर व ओब्वेगेसर यांनी १९५७ मध्ये दाखवली. त्या वेळी भर रूपावर होता. परंतु जीभ पुढे ओढणारा मुख्य स्नायू हनुवटीच्या आतील बाजूच्या बारीक उंचवट्यांना चिकटलेला असतो. हनुवटी फार मागे असली, तर झोपेत सैल पडलेली जीभ घशाकडे सरकते, घोरणे वाढते आणि श्वास मधूनमधून अडतो. म्हणून १९८४ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शल्यकारांनी त्या उंचवट्यांसह हाडाचा तुकडा पुढे आणून जिभेमागची जागा मोकळी करण्यास आरंभ केला. छेद उंचवट्यांच्या वरून गेला, तर स्नायूही हाडाबरोबर पुढे येतो. खालून गेला, तर चेहऱ्याची ठेवण बदलते, पण जिभेला विशेष ओढ मिळत नाही. उलट, पुढे आलेला खालचा जबडा रूपासाठी मागे नेला, तर श्वासाची वाट अरुंद होऊ शकते, आणि म्हणूनच अशा रुग्णाच्या झोपेतील श्वासाचा विचार जबड्याला हात लावण्याआधी करावा लागतो.