तारकागुच्छांतील शीघ्रगती पल्सार आणि जोडीदाराचा प्रश्न

१९८२ साली प्वेर्तो रीको येथील आरेसिबोच्या रेडिओ-दुर्बिणीने डॉन बॅकर, श्रीनिवास कुलकर्णी व त्यांचे सहकारी यांना सेकंदास ६४२ वेळा फिरणारा पल्सार आढळला. या वेगाची उपपत्ती त्याच वर्षी दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली. त्यांपैकी एक बंगलोरच्या राधाकृष्णन् व श्रीनिवासन् यांची. मंदावलेला न्यूट्रॉन तारा जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो आणि त्या द्रव्याच्या कोनीय संवेगामुळे पुन्हा गतिमान होतो, हे तिचे सार. अडचण एवढीच की, सापडलेला पल्सार एकाकी होता.

अशा जोड्या शोधावयाच्या तर गोलाकार तारकागुच्छ हेच योग्य क्षेत्र होय. क्ष-किरण उत्सर्जक युग्मतारे तेथे प्रमाणाबाहेर आढळतात, हे १९७५ पासून ज्ञात होते. तथापि पहिली खूण स्पंदांच्या नव्हे, प्रतिमेच्या रूपाने मिळाली. १९८५ मध्ये न्यू मेक्सिकोतील व्हीएलए या दुर्बीणसंचाने मेसिए २८ या गुच्छात एक बिंदुवत् उद्गम दाखविला. वाढत्या कंप्रतेबरोबर त्याची तीव्रता झपाट्याने घटत होती. पल्सारांचे हे लक्षणच. परंतु आंतरतारकीय इलेक्ट्रॉनांमुळे कमी कंप्रतेच्या लहरी मागाहून पोहोचतात व काही मिलिसेकंदांचा स्पंद त्या विलंबात पुसला जातो. विलंबाचे मान अज्ञात, आवर्तकालही अज्ञात. दोन्ही एकदम धुंडाळणे हे प्रचंड गणिताचे काम होते. अखेर १९८७ मध्ये जॉड्रेल बँक येथील निरीक्षणांतून अँड्र्यू लाइन प्रभृतींनी ३.०५ मिलिसेकंदांचा आवर्तकाल काढला. गोलाकार गुच्छातील हा पहिला पल्सार. आणि तोही एकाकीच!

एका पल्सारवरून विलंबाचे मान कळले की त्याच गुच्छातील इतरांचा शोध सुकर होतो. ४७ टुकानी व टर्झान ५ यांतून पुढे अनेक पल्सार मिळाले, त्यांपैकी बरेच युग्मांतील. टर्झान ५ मधील एकाने, २००६ च्या वृत्तानुसार, सेकंदास ७१६ फेऱ्यांनी जुना उच्चांक मोडला.

प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलका शोध २००४ मधील, पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय मीटरतरंग दुर्बिणीचा. एनजीसी १८५१ मधील तो पल्सार ४.९९ मिलिसेकंदांत फिरतो आणि १८.८ दिवसांत जोडीदाराभोवती ०.८८८ विमध्यतेची कक्षा पुरी करतो. द्रव्य देणाऱ्या जोडीदाराभोवतीची कक्षा जवळजवळ वर्तुळाकार व्हावयास हवी. तेव्हा मूळ दाता गेला असून दाटीतील एखाद्या निकट भेटीत दुसऱ्याच ताऱ्याने त्याची जागा घेतली, असा निष्कर्ष निघतो. एकाकी पल्सारांचे जोडीदारही अशाच भेटींत हिरावले गेले असणे संभवते. २०१९ च्या मापनांत या जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२२ पट भरले. दात्याच्या नेहमीच्या हलक्या अवशेषाच्या ते कितीतरी पट आहे.